हंबीररावांच्या घरातली केबल

लक्ष्मीपुरीत धान्याच्या दुकानांच्या मागं एक बोळ आहे. त्या बोळात जयसिंगचं दुकान. शटरच्या आत जेमतेम आठ पावलं जागा. दोन्ही भिंतींवर रिमोट, चार्जर आणि तऱ्हेतऱ्हेच्या केबली टांगलेल्या, आणि काउंटरवर गिऱ्हाइकाकडं तोंड करून ठेवलेला एक बत्तीस इंची जुना टीव्ही. तो विकायचा नाही. गिऱ्हाईक केबल मागतं तेव्हा जयसिंग पाकीट फोडतो, केबल त्या टीव्हीला लावतो, चित्र दाखवतो आणि मगच पैसे घेतो. पंधरा वर्षांत त्यानं न दाखवता काही विकलेलं नाही.

ही रीत त्याच्या आईची. शेवंताबाई पेठ वडगावच्या बाजारात वांगी विकायला बसायची. गिऱ्हाईक खळखळ करायला लागलं की ती त्याच्याच पिशवीतलं एक वांगं उचलायची आणि विळीवर त्याचे दोन तुकडे करून दाखवायची. "बग, हाय का कीड? असली तर फुकट ने." वांगं वाया जायचं, पण दुसऱ्या आठवड्याला तेच गिऱ्हाईक पुन्हा तिच्याचकडं यायचं. जयसिंग आयटीआय करून कोल्हापुरात आला, दहा वर्षं डब्ब्या टीव्हींची पोटं उघडून दुरुस्त्या केल्या, आणि ते टीव्ही भंगारात गेले तेव्हा हे दुकान टाकलं. आई तोवर राहिली नव्हती. तिची रीत मात्र त्यानं काउंटरवर मांडून ठेवली.

टीव्हीला जोडायच्या एचडीएमआय केबलीवरून त्याचं आणि मोठ्या शोरूमवाल्यांचं कधी जमलं नाही. शोरूममध्ये नव्या टीव्हीबरोबर दोन-दोन हजारांची केबल गळ्यात मारतात. पिनांना सोन्याचा मुलामा, वरून जाड विणलेलं आवरण, चकचकीत खोकं. अशी पावती घेऊन कुणी आलं की जयसिंगला हसू यायचं.

"पावणं, ह्यातनं नुसतं आकडं जात्यात. आकडं पोचलं तर चित्र येतंय, न्हाय पोचलं तर येत न्हाय. दोन हजाराच्या केबलीतनं हिरवं रान जास्त हिरवं दिसत न्हाय."

"मग त्यो शोरूमवाला काय येडा हाय व्हय?"

"त्यो येडा न्हाय. तुमी हाय."

गिऱ्हाईकही हसायचं. दीडशेची केबल टीव्हीला लागायची, चित्र यायचं, आणि माणूस जाताना आणखी दोघांना त्याचं नाव सांगायचा. त्याचं म्हणणं खरंही होतं. टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्स शेजारी-शेजारी असतील, मधे हात-दीड हाताचं अंतर असेल, तर साधी केबल आणि महागडी केबल यांत डोळ्याला काही फरक कळत नाही. जयसिंग हे मनापासून सांगायचा. लोकांचे पैसे वाचले की त्याला स्वतःला मिळाल्यासारखं वाटायचं.

हंबीरराव त्याच्या जुन्या घरोब्यातले. दूध संघातून निवृत्त झालेले, कसबा बावड्यात घर. त्यांच्या घरातला पहिला रंगीत टीव्ही जयसिंगनंच बसवला होता. त्यांच्या बायकोला, झुंबरबाईंना, तो काकी म्हणायचा. गेल्या वर्षी काकींच्या फुप्फुसांनी दगा दिला. मागच्या खोलीत लोखंडी कॉट आली, उशाशी ऑक्सिजनचं यंत्र आलं आणि नाकात नळी आली. त्यानंतर त्या खोलीबाहेर पडल्या नाहीत.

मार्च महिन्यात हंबीरराव दुकानात आले आणि स्टुलावर बसले. काय हवं ते लगेच सांगेनात. मग म्हणाले, "आमच्या यशराजचं लग्न ठरलंय. आजऱ्याची पोरगी. लग्नबी आजऱ्यालाच."

"मग पेढं कुठं हायत, आबा?"

"पेढं देतो की. पण हिला कसं न्यायचं? डॉक्टर म्हणतोय घाटातनं न्यायचं नाव काढू नका. यशराज म्हणतोय, आई बघणार नसंल तर मी उभाच राहत न्हाय. हिकडं घरात करूया म्हटलं, तर पोरीचा आजा ऐकंना. शेवटी पोरगं एका बोलीवर तयार झालंय. लग्न मोबाईलवरनं थेट दाखवायचं आणि आईनं ते टीव्हीवर बघायचं. मोबाईलवर तिला दिसत न्हाय, डोळ्यात मोतीबिंदू हाय."

जयसिंगनं घर आठवलं. वायफायचा डबा पुढच्या सोप्यात, बाहेरच्या खोलीत होता आणि मागच्या खोलीपर्यंत नेट पोचत नव्हतं. मधे जुन्या दगडी भिंती. म्हणजे लॅपटॉप सोप्यात ठेवायचा आणि तिथून केबल वरून फिरवून मागच्या खोलीतल्या टीव्हीला न्यायची. त्यानं अंदाज केला. पंधरा मीटर तरी लागणार.

"म्हागातली लाव," हंबीरराव म्हणाले. "ती फायबरची का काय असतीया म्हणं. चार हजार जाऊ देत."

पुढं कित्येक दिवस जयसिंगला हे वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू यायचं. कारण नको तोच म्हणाला होता.

"कशाला, आबा? लग्नाचं घर हाय, दुसरीकडं कामाला येतील. ही बगा, पंधरा मीटर, साडेसहाशे. दाखवतो की लावून."

त्यानं वेटोळं तसंच ठेवून केबल काउंटरवरच्या टीव्हीला जोडली. चित्र आलं, काचेसारखं स्वच्छ. हंबीररावांनी मान हलवली. "तू म्हणतोस म्हणजे झालं."

लग्नाच्या आदल्या दिवशी त्यानं स्वतः शिडीवर चढून केबल ओढली. सोप्याच्या चौकटीवरून, स्वयंपाकघराच्या माळ्याखालून, मागच्या खोलीत. काकींसाठी यशराजनं पुण्याहून नवा त्रेचाळीस इंची टीव्ही आणला होता. जयसिंगनं आपला जुना लॅपटॉप लावून पाहिला. चित्र उत्तम. आवाज उत्तम. झुंबरबाई उशाला टेकून बघत होत्या.

"असंच दिसणार व्हय रं उद्या?"

"असंच, काकी. नवरीच्या नाकातली नथसुदा दिसंल."

यशराज दारात उभा होता. तो हळू आवाजात म्हणाला, "काका, उद्या तुम्ही इथं थांबाल? आम्ही सगळे तिकडं. बनामावशी आहे आईजवळ, पण तिला यातलं काही कळत नाही. आईनं बघितलं नाही, तर मला जन्मभर लागून राहील."

"हितंच बसतो. काळजी करू नगंस."

वऱ्हाड सकाळी सहाला गेलं. जाताना यशराज आपला ऑफिसचा नवा लॅपटॉप सोप्यातल्या टेबलावर ठेवून गेला, लग्नाची लिंक त्याच्यावरच उघडून. जयसिंग दहाला आला. त्याचा जुना लॅपटॉप पिशवीतच राहिला. अकराला त्यानं केबल जोडली. मांडव दिसायला लागला, खुर्च्या दिसल्या, नवरीकडची माणसं इकडून तिकडं जाताना दिसली. बनाबाई या शेजारच्या बाई, काकींचं सगळं करायच्या. त्यांनी काकींना नवी साडी नेसवली होती. काकींच्या मुठीत हळदीचे पिवळे तांदूळ दिले होते. मुहूर्त बारा वाजून सत्तावीस मिनिटांचा.

साडेअकराला टीव्हीवर पहिला पांढरा ठिपका चमकला. मग चार. मग पाऊस पडावा तसे ठिपके. जयसिंगनं उठून टीव्हीमागची पिन दाबली. ठिपके गेले. बाराला पुन्हा आले आणि मधेच एक क्षण सगळं काळं होऊन परत चित्र आलं. तो सोप्यात धावला, तिकडची पिन काढून पुसून बसवली. परत आला. चित्र होतं. नवरा मुलगा पाटाकडं येत होता, पण ठिपक्यांतून यशराजचं तोंड ओळखू येईना.

बारा वाजून बावीस मिनिटांनी टीव्ही काळा झाला तो झालाच. सिग्नल नाही, एवढीच अक्षरं पडद्यावर फिरत राहिली.

पुढची पाच मिनिटं जयसिंग त्या दोन खोल्यांच्या मधे नुसता धावत होता. पिना उलट्यासुलट्या केल्या. टीव्ही बंद करून चालू केला. लॅपटॉपच्या पडद्यावर लग्न अगदी स्वच्छ दिसत होतं, म्हणून केबल उपटून तो लॅपटॉपच उचलून आत निघाला. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर आला आणि चित्र गोठलं. पांढरं चाक गरगर फिरायला लागलं. तो तसाच मागं सोप्यात आला, लॅपटॉप ठेवला, केबल पुन्हा जोडली. बनाबाईंनी आपला मोबाईल काकींच्या तोंडासमोर धरला होता. काकी म्हणत होत्या, "काय दिसंना गं बने. नुसतं लाल लाल दिसतंय."

टीव्हीकडं जाणारा आवाज तुटला होता, तो आता लॅपटॉपमधूनच यायला लागला. सोप्यातून घरभर मंगलाष्टकं ऐकू आली. भटजींचा आवाज, मागं बायकांचा गलका, कुणाचं तरी लहान मूल रडत होतं. जयसिंग मागच्या खोलीच्या दारात उभा राहिला. झुंबरबाईंनी मान वळवून आवाजाकडं कान केला होता. प्रत्येक 'सावधान'ला त्या मुठीतले थोडे तांदूळ त्या काळ्या टीव्हीकडं टाकत होत्या. हातात जोर नव्हता. तांदूळ त्यांच्याच पांघरुणावर पडत होते.

बारा चाळीसला त्याला सुचलं. लॅपटॉप नवा, टीव्ही नवा. दोघं मिळून फार मोठं, फार बारीक चित्र पाठवत असणार, आणि ही पातळ लांब केबल तेवढं ओझं नेत नसणार. काल त्याचा जुना लॅपटॉप लहान चित्र पाठवत होता म्हणून सगळं ठीक चाललं. त्यानं सेटिंगमध्ये जाऊन चित्राचा आकार कमी केला. टीव्ही लगेच उजळला. पडद्यावर जेवणाची पंगत होती.

तो कॉटशेजारी आला. बोलायला तोंड उघडलं, पण काकींनीच विचारलं, "झालं व्हय रं?"

"झालं, काकी. माझी चूक झाली. केबल..."

"फेटा कुठल्या रंगाचा हुता त्याचा?"

त्याला आधी कळलंच नाही.

"यशराजचा फेटा. तू तिकडं सोप्यात बघितलास न्हवं?"

"केशरी."

"आणि पोरीचा शालू?"

"हिरवा. बारीक लाल काठ हुता."

"रडली का ती?"

"व्हय. तिच्या आज्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं हुतं."

झुंबरबाईंनी डोळे मिटले. पुटपुटून त्या एक एक गोष्ट पाठ करत होत्या. केशरी, हिरवा, लाल काठ, आजा. मग म्हणाल्या, "त्यो आला की पयलं एवढंच इच्यारणार. मी बघितलं म्हणून सांगणार हाय. तूबी तेच सांगायचं. बने, तूबी."

"काकी, मी खोटं कसं..."

"त्यानं काय पाप केलंय? त्याला कशाला जन्माचा घोर?" दम लागून त्या थांबल्या. यंत्राचा तेवढा आवाज येत राहिला. "मला आयकू आलं की सगळं. आईला तेवढं पुरं असतंय."

संध्याकाळी वऱ्हाड परत आलं. यशराज नवरीसकट थेट मागच्या खोलीत शिरला आणि काकींच्या पायाशी बसला. "आई, दिसलं?"

"दिसलं की. फेटा काय शोभत हुता तुला. आणि ही बया किती रडली ती, आज्याच्या खांद्यावर."

नवरीनं लाजून मान खाली घातली. यशराजनं आईचा हात कपाळाला लावला. मग उठून जयसिंगकडं आला. वऱ्हाडाबरोबर आलेल्या फेटेवाल्याला हाक मारली आणि सगळ्यांच्या देखत जयसिंगच्या डोक्याला फेटा बांधायला लावला. "काका, तुमच्यामुळं आईनं माझं लग्न बघितलं."

जयसिंगच्या डोक्याला आजवर आपल्या समाजाबाहेरच्या कुणी फेटा बांधला नव्हता. तो नको नको म्हणत राहिला. लोकांना वाटलं, भिडस्त माणूस आहे. बनाबाई पदर तोंडाशी धरून स्वयंपाकघरात निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी तो राजारामपुरीतून फायबरची केबल घेऊन गेला आणि जुनी काढून ती बसवली. घरात सांगितलं, जरा पक्की लावून ठेवतो. त्या रविवारी सगळ्यांनी मिळून लग्नाचं चित्रीकरण लावलं. काकी थोडा वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "माझं बघून झालंय," आणि कूस बदलून झोपल्या.

केबल ऐन वेळी बंद पडली, एवढंच त्यानं मुलीला सांगितलं होतं. सोनम वारणानगरला इंजिनिअरिंग शिकते. ती फोनवर म्हणाली, "पप्पा, लहान केबलीचं तुमचं बरोबर आहे. पण लांब गेली की सिग्नल दमतो. आणि तुमच्या दुकानातला टीव्ही जुना. त्याच्यावर कुठलीही केबल पासच होणार." तिच्या आवाजात दोष देणं नव्हतं. जयसिंगच्या डोळ्यांपुढून मात्र लांब केबली नेलेली माणसं जायला लागली. शाळेचे शिपाई, हॉलवाले, बेकरीवाला. सगळ्यांना त्यानं लावून दाखवली होती. जे दाखवलं ते खोटं नव्हतं आणि तरी लोक फसले असणार. त्यांतले किती जण नंतर टीव्हीलाच नावं ठेवत बसले असतील, कोण जाणे.

लग्नानंतर एकोणीस दिवसांनी झुंबरबाई गेल्या.

तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जनाला पंचगंगेच्या घाटावर बावड्याची पुष्कळ माणसं जमली होती. रक्षा नदीत सोडली, मग रीतीप्रमाणं दोन-चार जण बोलले. शेवटी यशराज उभा राहिला. "आई आजारी होती. पण तिनं माझं लग्न डोळ्यांनी बघितलं. फेट्याचा रंगसुद्धा सांगितला तिनं मला. जयसिंगकाका इथं आहेत. त्यांनी ते शक्य केलं." माणसांनी वळून पाहिलं. जयसिंग कडेला, पायऱ्यांच्या टोकाला उभा होता. त्यानं हात जोडले, आणि जोडलेले हात कधी सोडायचे हेच त्याला कळेना. हंबीरराव त्याच्याकडं बघत होते. त्यांना माहीत होतं की नव्हतं, ते त्याला आजतागायत समजलेलं नाही. त्यांनी कधी विचारलं नाही. त्यानंही विषय काढला नाही.

त्या पौर्णिमेला तो बुद्धविहारात गेला. सगळ्यांबरोबर पंचशील म्हणताना चौथ्या शीलाशी तो अडला. खोटं बोलण्यापासून दूर राहण्याचं ते शील. लहानपणापासून म्हणत आलेले शब्द, तोंडात सहज यायचे. त्याच्या बायकोनं बाजूला वळून पाहिलं. त्यानं खोकला आल्यासारखं केलं.

आणि मग गिऱ्हाइकं यायला लागली. घाटावर जे बोललं गेलं ते बावड्यात घरोघर पोचलं होतं. हंबीररावांच्या घरात लावली ती केबल द्या, म्हणून माणसं मागायची. पातळ, स्वस्तातली, पंधरा मीटर. जयसिंगनं ती विकायला बंद केली होती. आखूड केबल तो पूर्वीसारखीच दीडशेला द्यायचा, दाखवून द्यायचा. लांब मागितली की म्हणायचा, फायबरची घ्या. का, ते मोघम सांगायचा, पण लोकांना त्या घराचा दाखला पुरेसा होता. त्या दाखल्याला तो तोंड देऊ शकत नव्हता. त्या घरात ती केबल चालली नाही, असं एकदा बोळात बोललं गेलं की आठवड्यात ते यशराजच्या कानावर गेलं असतं.

जूनमध्ये बावड्याचा केरबा आला. गवंडी माणूस, साठीचा.

"हंबीररावांच्यातली केबल द्या. पंधरा मीटर."

"ती नगा घेऊ. एवढ्या लांब तिचा भरवसा न्हाय."

"म्हंजे? त्यांच्यात तर चालली की. सगळा गाव सांगतोय."

जयसिंगनं फायबरची केबल काढून काउंटरवर ठेवली.

"लावून दाखवा. तुमची रीत हाय न्हवं?"

"हितं लावली तर चित्र येणारच. घरात न्हाय येणार."

केरबानं त्याच्याकडं निरखून पाहिलं. "आसं. नाव झालं तसा भाव वाढला म्हणा की. केवढ्याची हाय ती दुसरी?"

"अडतीसशे. मी त्यात एक रुपाया घेत न्हाय, केरबा. खरेदीत देतो."

"सगळी आसंच म्हणत्यात. समोर बोळाच्या तोंडाला हीच केबल सहाशेला हाय. म्हटलं, इमानदार माणूस हाय, पन्नास जास्त गेलं तरी ह्याच्याकडनं घ्यावी." तो वळला.

"कशासाठी पायजे हाय?" जयसिंगनं मागून विचारलं.

"नातवाचं बारसं हाय, बेंगळूरात. आमच्या आईला उठता येत न्हाय. नव्वदीची हाय."

जयसिंग काउंटरच्या बाहेर आला. "तुमी केबल कुठनंबी घ्या. मी येतो, बसवून देतो. चित्राचा आकार तेवढा कमी करायला लागतोय. पैसं नको मला."

"नगं," केरबा म्हणाला. "आमचा भाचा हाय, त्याला सगळं येतंय. फुकटचं करून परत चार हजाराची गळ्यात मारशीला."

"बारसं कवा हाय?"

"येत्या रविवारी, अकराला," असं चालता चालता सांगून तो बोळाच्या तोंडाकडं गेला. "अडलं तर फोन करा, नंबर बोर्डावर हाय," जयसिंगनं मागून ओरडून सांगितलं.

रविवारी जयसिंगचं दुकान बंद असतं. त्या रविवारी त्यानं साडेदहाला शटर वर केलं, भिंतीवरच्या बोर्डावर आपला नंबर नीट दिसतोय का पाहिलं आणि मोबाईल काउंटरवर ठेवून बसला. बोळात चिटपाखरू नव्हतं. एक वाजेपर्यंत तो तसाच बसला. फोन वाजला नाही. चित्र नीट आलं म्हणून वाजला नाही, की त्या घरातही म्हातारीनं बघितलं म्हणून सांगून टाकलं, हे त्याला कळायला काही मार्ग नव्हता.